पाटीवर न मावलेलं

गाडी इथंच ठेवा. पुढं दिसतो तो रस्ता नव्हे,
कुणाच्या तरी घाईचा माग आहे, बावीस वर्षांपूर्वीचा.
ती चाकं कधीच भंगारात गेली.

मी हॅलबेरा. खात्यानं लावलेली पाटी ती बघा:
सात भाषा, नऊ नियम, खाली दंडाची रक्कम.
वाऱ्यानं तिसऱ्या नियमाचा रंग नेला,
म्हणून तो तोंडी सांगते:
शेवाळावर पाय नको.
मऊ दिसतं, मान्य. गादीसारखं, मान्य.
दर उन्हाळ्यात एक तरी जण त्यावर उताणा पडून
फोटो काढून घेतो, निघून जातो,
आणि माणसाएवढी ती खोक
माझ्याकडं राहायला येते.

लाव्हा निवून अडीचशे वर्षं होत आली.
तेवढ्या काळात आइसलँडच्या या कातळाला
एवढंच साधलंय:
वीतभर जाडीचं, करडं-हिरवं,
सुकलं की पावलाखाली कर्रकन मोडणारं.

सोनचिखल्या पंख ओढत लंगडायला लागला
तर कनवाळू होऊ नका.
पंख मोडलेला नाही. नाटक आहे, प्रेक्षक तुम्ही.
म्हणजे अंडी तुमच्या बुटापासून हातभर आहेत.
थांबा. खाली बघा.
आलात त्याच पावलांनी मागं फिरा,
आणि फसल्यासारखं करा;
त्याचाही मान राहतो.

सुरय नाटक करत नाही. सरळ टाळूवर चोच मारतो.
काठी डोक्यावर उभी धरा, तो सर्वांत उंच टोकावर झेपावतो.
धरायची फक्त. फिरवायची नाही.
तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून उडत आलाय,
तुम्ही विमानतळापासून दोन तास.

दगडावर दगड रचू नका.
वाटेवरचे उंच ढीग जुने आहेत, धुक्यात
त्यांना धरून माणसं घरी पोचायची.
तुमच्या हौसेचा ढीग धरून कुणी कड्याकडं जाईल.
आणि हो, खिशातला तो खडा. मी पाहिलंय.
टपालानं परत येतात ते.
गेल्या हिवाळ्यात लिआँहून एक आला, सोबत चिठ्ठी:
नवरा गेला, नोकरी गेली, हा तुमचा तुम्हाला घ्या.
कुठून उचलला, ते मात्र लिहिलं नव्हतं.
अजून माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

समोरच्या उतारावर अक्षरं दिसतात?
टाचेनं कोरलेलं नाव आहे कुणाचं तरी.
एविंद आणि मी तीन उन्हाळे
ताकात कालवलेलं शेवाळ बादलीत घेऊन
चिमटी चिमटीनं भरतोय.
पहिलं अक्षर बुजलं असं वाटतं,
मग संध्याकाळी ऊन तिरपं होतं
आणि पुन्हा वाचता येतं.

विचारा, विचारा. सगळेच विचारतात:
एका पावलानं काय होतंय?

या, दाखवते. दोरीच्या आतूनच.
तो काळा सुळका. त्याच्या डावीकडं फिकट ठिपके,
एकामागं एक, लहान लहान.
एकोणीस आहेत. दर वर्षी मोजते.
कोकरू चुकलं होतं, वडील पलीकडून हाका मारत होते,
आणि मी पायात भावाचे बूट घालून
सरळ मधूनच निघाले, सात वर्षांची.
कोकरू सापडलं. सप्टेंबरात कापलंही गेलं.
पुढं वडील गेले. भाऊ बोटीवर गेला, तो तिकडचाच झाला.
आमच्या गोठ्यात आता पाहुण्यांसाठी खोल्या आहेत;
काल रात्री तुमच्यातले काही तिथंच झोपले असाल.
मला यंदा गुडघा बदलून घ्यायचाय.

ती पावलं अजून सात वर्षांचीच आहेत.

तर. बूट झाडून घ्या, खाचांत बिया असतात.
ब्रश खुंटीला आहे.
झालं की माझ्या मागं, एका रांगेत.