नायतर

घणसोली, सेक्टर सातच्या पंपघरासाठी
मी कंसांची एक छोटी भाषा केली होती.
(टाकी भरली तर थांब नाहीतर चाल)
एवढंच वाक्य. पाण्याची वेळ बदलली
की ते पुन्हा लिहायचं.

रात्रपाळीला हसुराम म्हात्रे असतात.
एका बोटाने टाइप करतात, चष्मा कपाळावर.
पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं
(टाकी भरली तर थांब नायतर चाल)
आणि पंप चालला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू.
न शिकवता यंत्राला आगरी कळली!
महापेच्या टपरीवर चहा पिताना
दोघातिघांना सांगूनही झालं.

शनिवारी त्यांची नात आली, स्वरांगी, इयत्ता चौथी.
तिने नायतरच्या जागी लिहिलं
भोपळा.
पंप चालला.

साच्यात मी तो शब्द लिहिला होता शब्द म्हणून.
साच्याने तो वाचला रिकामा पाट म्हणून,
कोणीही यावं, बसावं, जेवून जावं.
राखीव शब्दांची यादी वर वेगळी असते.
टाकी होती तिच्यात, भरली होती, तर होता,
नाहीतर राहून गेला.
यादीत नसलेलं नाव म्हणजे नुसती जागा.

पूजेत गुरुजी सांगतात, इथे आपलं नाव घ्या,
आणि यजमान हात जोडून म्हणतो,
इथे आपलं नाव घ्या.
माझं यंत्र त्याच्या उलट वेडं.
धडधडीत नाव दिलं,
त्याने त्याचा अमुक केला.

म्हणजे आगरी कळली नव्हती.
माझी मराठीसुद्धा नाही.
ते फक्त हो म्हणत होतं,
मी आईला फोनवर म्हणते तसं, हं, हं,
स्क्रीनवरची नजर न काढता.

दुरुस्ती एका शब्दाची. साडेअकराला चढवली.
बारा वाजून दहा मिनिटांनी फोन,
मॅडम, पंप मना वलखत नाय.

यादी पुन्हा उघडली.
नाहीतरच्या शेजारी नायतर लिहिला,
अक्षर अक्षर दोनदा तपासून.
आता हे दोघे. बाकी कोणी नाही.

पलीकडून मोटरचा आवाज आला, मग हसुरामांचा,
झाला, झाला.
फोन ठेवल्यावर आठवलं,
शनिवारी स्वरांगी पुन्हा येणार,
भोपळा लिहिणार,
आणि विचारणार,
आता माझं का ऐकत नाही.