मार्चात या

टेका नाक्यावर सकाळी सात अंश.
टपरीमागे कोणी टायरचा तुकडा पेटवलाय,
त्याच्याभोवती पाच-सहा पाठमोऱ्या शाली.
आणि आमची गाडी
पायांवर गार वारा सोडतेय.

गाडी म्हणजे आता घरच. एक खाट, एक छोटा सिलिंडर,
ओंजळभर बेसिन, प्रमिलाताईच्या गोळ्यांचा डबा.
नंबर अजून हिमाचलचा आहे,
म्हणून तर डॅशबोर्डात हीटर.
"कूलर असता बाई, तर डोये मिटून केला असता,"
धकाते मिस्त्री म्हणाला,
"हे यंत्र आपल्या गावचं नाई."
म्हणाला, आणि बॉनेट उघडलं.

फ्यूज काढला, उजेडात धरला. शाबूत.
"पंखा फिरून राहिला? हवा येऊन राहिली?
मंग पंख्याले बोल लावू नका."
बटण निळ्याकडून लालकडे.
आत कुठेतरी झाकण खट् वाजलं. तेही ठीक.
कूलंट रेघेपर्यंत. सुई मध्यावर येऊन थांबली,
इंजिनाला घाम फुटला,
आमचे पाय मात्र तसेच.

"दोन नळ्या असतात," तो म्हणाला,
"एक आणते, एक नेते. लावा हात."
मेयोत छत्तीस वर्षं मी हात लावत आले,
कपाळांना, पोटांना,
पहाटे चारला चादरीखाली पावलांना.
दोन्ही नळ्या त्या पावलांसारख्या होत्या.
मी काही बोलले नाही. हात पुसला.

आकीब बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटला.
"उस्ताद, इधर तो पानी मुड के वापस जा रहा."
इंजिनाच्या पाठीशी हातभर रबरी नळीचं वळण,
दोन क्लिपा. गरम पाणी उंबऱ्यापर्यंत येतं,
आत न जाता परत फिरतं.
"कोन्या बेअकलीचं काम हाये हे?"
धकाते ओरडला, वाकला,
आणि वाकलेलाच राहिला.

क्लिपांवर सायकलच्या ट्यूबची लाल पट्टी गुंडाळलेली.
टेका नाक्यावर अशी पट्टी
एकच माणूस गुंडाळतो.

"मे महिना होता," तो नळीशीच बोलला.
शेहेचाळीस. आठवलं मला.
बटण निळ्यावर असूनही पायांवर वाफ,
चपलेला चिकटलेली टाच,
आणि मीच ओरडले होते भर रस्त्यात,
बंद करा हे, धकाते, कायमचं बंद करा.
त्याने केलं. काम चोख होतं,
आठ महिन्यांत एक थेंब गळला नाही.

"मे महिन्यात माणसानं कायमचं म्हणू नये,"
मागच्या खाटेवरून ताई.
ती हीटरबद्दलच बोलत होती बहुतेक.
आमचा एक भाऊ आहे, जरीपटक्यात,
इथून चालत वीस मिनिटांवर.
आम्ही दोघींनीही त्याचं नाव काढलं नाही.

इंजिन निवल्याशिवाय नळी सोडता येत नाही.
म्हणजे ऊब यावी म्हणून
आधी सगळं थंड होऊ द्यायचं,
तासभर, तर्री-पोह्यांवर, नाक पुसत.
मग घमेल्यात हिरवं पाणी सांडलं,
नव्या झडपेला जुन्या नळ्या चढल्या,
लाल पट्टी पुन्हा.
"आता हवा धरली असंल आत," तो म्हणाला,
"घाई नका करू. गुडगुड होईल थोडी."

झाली. डॅशबोर्ड म्हाताऱ्यासारखा खाकरला,
आधी धुळीचा वास,
मग जाळीतून उडून माझ्या मांडीवर
एक वाळकी, लांब, तपकिरी काडी.
आकीबला वाटलं झाडूची.
मला माहीत होतं, चीडाच्या झाडाची,
कधीची अडकून बसलेली, तिकडची.

मग आली. आधी घोट्यांना,
मग साडीच्या काठातून वर.
ताईने मोजे काढले.

धकातेने ते रबरी वळण पुसलं,
जुन्या पेपरात बांधलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं.
"फेकू नका," म्हणाला. "मार्चात या."

गाडी वळवताना ताईने विचारलं,
"जरीपटक्यावरून लांब पडतं का गं?"
लांबच पडतं.
मी इंडिकेटर तिकडचा दिला.