करंगळी

आज सकाळी अकराच्या सुमाराला
सोजरबाई हयात नव्हत्या.
मशीन तसं म्हणत होतं, मी नव्हे.
माझं काम फक्त टेबलामागं बसून
लाल दिवा हिरवा व्हायची वाट बघणं.

उदगिरात, नाका सोडून आत वळलं की
दोन डाळ मिलच्या मधल्या बोळात माझं दुकान:
झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, निराधारचे पैसे,
आणि मार्च संपेपर्यंत हयातीचे दाखले.
हवेत दिवसभर तुरीचा कोंडा.
पापणीवर बसतो, स्टॅम्पपॅडवर बसतो,
काचेवर तर बसतोच; ती मी
शर्टाच्या बाहीनं पुसत राहतो.

उजवा अंगठा. नाही.
डावा. नाही.
"लिंबू चोळा मावशी," रांगेतनं कुणीतरी.
"खोबरेल लावा." "फुंकर मारा."
खदीरभाई कुबडीवर टेकून म्हणाले,
"दाबून धरा, सरकारला जरा कमी ऐकू येतं."
सगळे हसले. सोजरबाई पण.

"काय म्हणलालंय रं ते?"
"जुळंना म्हणतंय."
"कुणासंगं?"
आता याला काय सांगावं.
तुमच्याशीच, मावशी.
दहा वर्षांमागच्या तुमच्याशी.

एकतीस वर्षं डाळ निवडली या बाईनं,
पलीकडच्याच मिलमध्ये, पत्र्याखाली.
सुपातला खडा डोळ्याआधी बोटाला कळायचा.
खडा बाजूला, किडका दाणा बाजूला,
आणि अंगठ्याची एकेक रेघ
दाण्यांबरोबर पोत्यात.
सुरतेत, नागपुरात
कुणाच्या तरी वरणात शिजली असेल.
चव काही लागली नसेल.

मी तो अंगठा उजेडात धरून पाहिला.
जुन्या आठाण्यासारखा,
ज्याच्यावरचे सिंह कधीच झिजून गेलेत.

तर्जनी. नाही. मधलं. नाही.
सर्व्हर गेला. चहा आला.
सर्व्हर आला तोवर चहा निवला.
दाखला नाही तर पुढच्या महिन्यापासून बंद:
दीड हजार.
त्यातले सहाशे खोलीचे,
दोनशे बीपीच्या गोळीचे.
तांदूळ रेशनचा आहे,
तो शिजवायला लागतं ते सगळं विकतचं.
हे त्यांनी कधी सांगितलं नाही.
दर महिन्याला माझ्यासमोरच
नोटांच्या वेगवेगळ्या घड्या घालतात,
म्हणून ठाऊक.

(एका व्यवहारामागं मला चार-साडेचार रुपये सुटतात.
तेही लिहून ठेवतो, नाहीतर
ही कविता फार भल्या माणसाची वाटायची.)

शेवटी डाव्या हाताची करंगळी.
त्यांनीच पुढं केली, जरा लाजत.
"हिनं कधी काय केलं नाही बघ.
डाळीला लागायचीच नाही, वरच्या वर राहायची.
मुकादम म्हणायचा,
बाईसाहेब, निवडलालीस का चहा पिलालीस?"

हिरवा.

स्क्रीनवर नाव उमटलं,
सोजर किसन गायसमुद्रे.
गाव, वय, आणि खाली एक शब्द: हयात.
नऊ बोटं गप्प.
खदीरभाई तेवढे बोलले,
"न राबणाऱ्याचीच ओळख असते वरपर्यंत."
या वेळी कुणी हसलं नाही.

पावतीची घडी पोलक्यात सारून
त्या पायरीवर थांबल्या.
"पुढल्या साली बी हीच लागती का रं?"
"हीच, मावशी. जपा तिला."

बोळातनं जाताना दिसल्या:
उजव्या हातात पिशवी,
डावा हात मोकळा,
आणि त्याची करंगळी
बाकीच्या बोटांपासून जराशी लांब धरलेली,
जसं काही ती आत्ताच रंगवून आणलीय
आणि अजून वाळायची आहे.

मी काच पुसली.
या खदीरभाई.
कुबडी भिंतीला लावा.
अंगठा.