नामवंत

सिडनीच्या हॉलवर पुस्तक जमतंय:
आपल्या बेटावरून आलेले नामवंत.
दोन डॉक्टर, एक न्यायाधीश,
आणि तो फार्दुलिस, तीन थिएटरंवाला.

मेताक्सिया आत्या खुर्चीतूनच,
"आणि आमचा अनार्गिरोस?"

कोणता? यादीत अकरा आहेत,
आडनावासकट तेच.
बेट एवढंसं, नावं मोजकी,
म्हणून तर घराण्यांना टोपणनावं:
भोपळे, मीठवाले, तिरळे,
आणि आम्ही झोपाळू.

झोपाळूंचा अनार्गिरोस
वॉलगेटच्या कॅफेत एकोणचाळीस वर्षं
पहाटे चारला बर्फ फोडायचा.
मिल्कशेकचे पेले विसळून विसळून
बोटांच्या रेषाच गेल्या.
लढाईच्या साली परकीयांच्या नोंदवहीत
अंगठा उमटेना.
हवालदार हसला म्हणे,
"तू आहेस तरी का रे?"

"पण त्यांनी केलं काय, म्हणून लिहू?"
संपादक बिचारा सरळ माणूस.

"तिकिटं पाठवली. नऊ.
आठ माणसं आली, आठवी मी.
नववं आईचं. ती म्हणाली,
शेळ्या कोण बघणार?"
आत्या पर्स उघडते, तशीच मिटते.

संपादक पेनाचं टोपण शोधतो. सापडत नाही.
मग समासात, बारीक अक्षरात,
न्यायाधीशांच्या शेजारी लिहितो:
झोपाळू.