माप

सुकेशिनीचं पहिलं माप माझ्याच फितीनं:
कंबर अठ्ठावीस.
शाळेच्या निळ्या स्कर्टाची चड्डी बेतली,
बाजूला चीर ठेवली.
"लाथ कानापर्यंत गेली पायजे न, काका."

घाटंजीत, लग्नाच्या हॉलात, गाद्या जोडून झाली ती कुस्ती-बॉक्सिंग.
बक्षीस कुकर.
मग नागपूर. मग पुणे. मग विमानच.
दरवेळी फीत आत सरकायची.
वजनात बसायचं तर थुंकीबी गिळत नाही म्हणे.

परवा मोबाइलवर पायली.
पिंजऱ्यात उभी, एक डोळा मिटलेला,
हात पंचाच्या हातात, वर.
चड्डीभर कंपन्यांची नावं.
दुकानातले पोट्टे नाचत होते.
मी शिवण पायत होतो:
डाव्या मांडीशी उसवली,
एकेरी टाका.

आली गावात की म्हणीन, आण इकडं.