जोडारी

केतकी लॅपटॉप मांडीवर घेऊन विचारते,
बाबा, तुम्हाला नक्की येतं काय?

मी म्हणतो, लिही:
पोर्तुगीज चर्चपासून प्रभादेवीपर्यंत
रस्त्याच्या पोटात कुठे काय निजलंय ते ठाऊक आहे.
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा,
हा पाढा झोपेतून उठवलंत तरी म्हणतो.
बाराशे जोड्यांची केबल
गटाराच्या पाण्यात कमरेइतकं उभं राहून
दोन रात्रींत जुळवली आहे,
आणि सकाळी कुणाचा तरी
कुणाला तरी फोन लागला आहे.

ती टाइप करते: इन्फ्रास्ट्रक्चर. टीमवर्क.
जन्मतारीख गाळते.

खात्याने नारळ दिला तो शालीसकट.
नारळ देणं म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको,
पण त्या दिवशीचा खराच होता, शेंडीचा.
मंदाने त्याच्या वड्या केल्या.
दोन दिवस पुरल्या.

वांद्र्याला काचेच्या इमारतीत
शर्टावर 'व्हिजिटर' चिकटवून बसवलं.
निहाल नावाचा मुलगा, चांगला होता, पाणी दिलं त्याने,
म्हणाला, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
मी मनात बेरीज केली. अठ्ठावन्न.
म्हणजे जिथे आपोआप पोचणारच होतो, तिथे.
तोंडाने म्हणालो, ग्रो करायचंय.
केतकीने पढवलं होतं तसं.
खाली येऊन स्टिकर ओढला
तर खिशाचा धागा उसवून आला बरोबर.

कळवतो, म्हणाले.
या शब्दाची लाइन कायम एंगेज.

परळच्या टॉवरला वॉचमन हवा होता.
त्यांनी उंची विचारली.
माझं सगळं काम खोलीतलं,
ती कुणी विचारत नाही.

मग ठाकुरद्वारला, कानाच्या यंत्रांच्या दुकानात
पुठ्ठ्यावर लिहिलेलं: रिपेरिंगला माणूस पाहिजे.
श्रॉफबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
किती वर्षं केलंय?
बत्तीस.
ह्यातलं किती?
शून्य.
त्यांनी सोल्डरिंग गन माझ्याकडे सरकवली
आणि केसाहून बारीक एक तुटकी तार.

पगार पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाचा.
मंदाने ऐकलं, गॅस बारीक केला,
बोलली नाही काही.

तौसिफ चोवीसचा. तो मला शिकवतो.
पहिल्या दिवशी अडखळला, सर म्हणू की काका?
मीही तेच विचारणार होतो.
काका, फुंकर नका मारू, म्हणतो,
ओल आत जाते.
आयुष्यभर फुंकर मारून काम केलेला माणूस
आता श्वास धरून टाके घालतो.
इथे रंग दोनच,
उजवा कान लाल, डावा निळा.
तरी पहिल्या आठवड्यात चुकलो.
दोनच रंग, आणि चुकलो.
त्या रात्री जेवलो नाही.

काल फणसवाडीतून ढवळे मास्तर आले,
मुलीचा हात धरून.
मी यंत्र साफ केलं, बॅटरी बदलली,
कानामागे बसवलं, आणि सवयीनं,
चेंबरमधून वरच्या माणसाला हाक मारावी तसा,
हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?

मास्तर दचकले.
अहो, ओरडताय कशाला,
इथेच तर बसलोय मी.