रंगाला भिणारी

सकाळी साडेसहाला प्ल्झेन शहराला
उकडलेल्या सातूचा वास येतो.
बिअरच्या कारखान्यातून निघून, रादबुझा नदी ओलांडून
तो आमच्या खिडकीपर्यंत पोचतो
आणि झायलीनपुढे नांगी टाकतो.

मी द्राहोमिरा. एकतीस वर्षं रंगारीण.
भिंती नाहीत, कापड नाही.
माणसाच्या आतली
चार मायक्रॉनची चकती रंगवते.

आज डावं मूत्रपिंड, वय अठ्ठावन्न.
गाठ कापली तेव्हा आत महोगनीची फळी,
मधोमध पांढरट व्रण.
नेहमीच्या गुलाबी-जांभळ्यात मात्र
या दोन जातींच्या गाठी
एकीला झाकावं, दुसरीला काढावं अशा:
एक नुसती जागा अडवून बसलेली,
दुसरी दबा धरून.
डॉक्टर ओल्द्रिख भिंगावरून डोळे काढतात,
कपाळ चोळतात.
"तुमची ती जुनी नीळ लावता का?"

जुनी नीळ म्हणजे लोखंडाचं पाणी,
बाटलीत फार दिवस ठेवलं की रुसणारं.
मग ॲसेटिक ॲसिडच्या चार आंघोळी,
मग फेरोसायनाइड,
आणि तोवर घड्याळाकडे पाठ करायची नाही.
मशीनवरच्या पोरांना ही जमत नाही.
खरं सांगायचं तर
मलाही दर वेळी जमत नाही.

पहिल्या खेपेला सगळंच निळं.
गाठ निळी, वाहिन्या निळ्या, काचेची कडा निळी.
तुलनेसाठी शेजारी ठेवते तो
कुणा बाळाच्या नाळेचा तुकडा,
तोही स्नायूसकट बुडालेला.
काच फेकली.
खोट्या निळ्यावर कुणालाही फाशी देता येते.

गंमत बघा,
जिचं नावच पडलंय रंगाला भिणारी,
जी गुलाबीत फिकट फिकट राहते
मनुक्यासारखं सुरकुतलेलं केंद्रक पोटाशी धरून,
तीच या निळीला अंगभर बिलगते.
आणि दुसरी, गुलाबी पिऊन टच्च फुगलेली,
निळीला उंबऱ्यावर उभी करते.
का, ते विचारू नका.
पुस्तकात कारण दिलंय, मी वाचलंय,
तरी नका विचारू.

दुसरी खेप. नवं लोखंड, ताजं आम्ल,
जेवणाचा डबा तसाच.
नाळेचा गर निळा, स्नायू कोरा.
गाठीत मात्र निळं शोधावं लागलं:
नळ्यांच्या आतल्या काठाला
काजळाच्या रेघेएवढं, तेही कुठे कुठे.
बाकी पेशी भरदार, दाणेदार, निळीवाचून.
तोवर मशीनमधून सायटोकेरॅटिन सात आलं,
शंभरात तीन-चार पेशी तपकिरी,
लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यांसारख्या
एकेकट्या.

ओल्द्रिखनी ऑन्कोसायटोमा टंकलं.
पुढे "बहुधा" लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.
मी दिवा घालवेपर्यंत
ते अजून खोडत होते.

तुमचं नाव माझ्यापर्यंत येत नाही.
फॉर्मवर व्यवसाय आहे: लाकडी पिंपं बांधणारा.
म्हणजे लाकडाचा रंग तुम्हाला कळत असणार.
वाटलं, तुमची महोगनी तुम्हाला दाखवावी.
तशी पद्धत नाही.
आपली गाठ पडली ती
गाठीपुरतीच.

ट्रॅममध्ये समोरची बाई
माझ्या नखांकडे बघत राहिली.
"शाई?"
नाही, म्हटलं,
लोखंड.